एका गुणाचे मोल

मोटारींच्या शर्यतींचे नाव काढले की आपल्याकडे साधारणपणे दोन उद्गार ऐकू येतात. "श्रीमंतांचे खेळ, दुसरे काय!" हा पहिला, आणि "फुकट पेट्रोल जाळण्यात कसला आला आहे पुरुषार्थ?" हा दुसरा. दोन्ही उद्गारांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही वसतिगृहात आल्यापासून फॉर्म्युला वनच्या शर्यती बघण्याचा नाद मला लागला आहे आणि तो सुटेल असे दिसत नाही. या नादाची एक गंमत आहे. पहिल्या येणाऱ्या गाडीकडे माझे फारसे लक्षच नसते. माझी नजर असते ती नवव्या, दहाव्या, अकराव्या गाडीवर. पुढे जी शर्यत चालते ती चषकासाठी. मागे जी चालते ती पुढल्या वर्षीच्या पगारासाठी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यांपैकी कोणती शर्यत जवळची वाटावी, हे काय सांगायला हवे?

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. वर्षभर देशोदेशी शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतीत वरच्या क्रमांकांना गुण मिळतात. २०१० पासून पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, असे उतरत उतरत नवव्याला २ आणि दहाव्याला १. अकराव्यापासून पुढे भोपळा. त्याआधी हात याहून आखडता होता. २००२ पर्यंत केवळ पहिल्या सहा जणांना गुण मिळत, २००३ ते २००९ या काळात पहिल्या आठांना. ड्रायव्हरचे गुण त्याच्या नावावर जातात, शिवाय दोन्ही ड्रायव्हरांचे मिळून संघाच्या नावावरही चढतात. वर्षअखेरीस संघांचा गुणतक्ता तयार होतो आणि त्या तक्त्यावरून पैशांची वाटणी ठरते. आपल्या निकालपत्रकाला फार तर शाबासकी नाहीतर शिव्या मिळतात. त्यांच्या निकालपत्रकाला रोकड मिळते.

माझा खोलीसोबती बैलहोंगलकडचा. घरी कन्नड, आमच्याशी मराठी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्ही भाषांतून देवाचा धावा, असा त्याचा खाक्या आहे. एकदा शर्यत बघता बघता मी सहज म्हणालो, "बघ, एका गुणासाठी केवढा हा आटापिटा!" त्यावर तो म्हणाला, "तुम्ही मराठी लोक मार्कांना गुण म्हणता, तेच मला कळत नाही. आम्ही अंक म्हणतो. अंक म्हणजे आकडा. मार्क म्हणजे आकडाच की! त्यात गुण कुठला आला?"

त्याचे ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. खरेच, आपल्या भाषेतला 'गुण' हा मोठा लबाड शब्द आहे. माणसाच्या अंगी असतो तो गुण, परीक्षेत मिळतो तो गुण, आणि औषधाने उतार पडला की येतो तोही गुणच. शर्यतीतल्या लहान संघांच्या कहाण्या वाचत गेलो तसे मला वाटू लागले, की या तिन्ही अर्थांची जेवढी सरमिसळ तिथे होते तेवढी इतरत्र क्वचितच होत असेल.

पैशांचा प्रश्न मात्र माझ्या काकांनी काढला. काकांचे उद्यमबागेत छोटेसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार माणसे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग करून द्यायचे, हा धंदा. मी खानापूर तालुक्यातला, त्यामुळे रविवारी जेवायला काकांच्या घरी जायचे हा शिरस्ता. अशाच एका रविवारी माझ्या मोबाईलवर शर्यत चालू होती. काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. चारही चाके दोन-अडीच सेकंदांत बदलून होतात हे पाहून थक्क झाले. आणि मग त्यांनी विचारले, "ही सगळी माणसं पगारीच की रे? मग शेवटच्या नंबरच्या गाडीवाल्यांचा पगार कोण देतो?"

वाचकहो, हा प्रश्न एखाद्या शर्यतशौकिनाला सुचला नसता. ज्याने दर महिन्याला चार माणसांचा पगार आपल्या हाताने वाटला आहे, त्यालाच तो सुचणार.

त्याचे उत्तर असे. लहान संघाकडे पैसे येतात ते मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट जाहिरातदारांची. गाडीच्या अंगावर जी नावे रंगवलेली असतात ती फुकट नसतात. दुसरी वाट ड्रायव्हरची. मोठे संघ ड्रायव्हरला पैसे देतात; लहान संघात पुष्कळदा ड्रायव्हरच आपल्या पाठीराख्या कंपन्यांचे पैसे घेऊन येतो आणि गाडीत बसायची जागा मिळवतो. तिसरी वाट बक्षिसाच्या रकमेची. शर्यत भरवणारे जी फी भरतात आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकून जे पैसे जमतात, त्यांतला मोठा हिस्सा संघांमध्ये वाटला जातो. ही वाटणी ज्या कराराने ठरते त्याला कॉन्कॉर्ड करार म्हणतात. पहिला करार १९८१ साली झाला आणि पॅरिसमधल्या एका प्रसिद्ध चौकावरून त्याला हे नाव पडले. ज्या संघाच्या पाठीशी मोटारींचा बडा कारखाना उभा आहे त्याला एखादे वर्ष वाईट गेले तरी सोसते. लहान संघाला मात्र तिसऱ्या वाटेवाचून गती नाही. कारण पहिल्या दोन्ही वाटा शेवटी तिसरीलाच येऊन मिळतात. गुणतक्त्यात तळाशी लोळणाऱ्या गाडीवर आपले नाव रंगवून घ्यायला पैसे कोण मोजणार?

२०१० नंतरच्या काही वर्षांत या रकमेचे ढोबळमानाने दोन भाग असत. मागच्या तीनपैकी दोन हंगामांत जे संघ पहिल्या दहांत आले, त्यांना एक भाग सारखा वाटला जाई. दुसरा भाग त्या वर्षीच्या क्रमांकाप्रमाणे, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत उतरत्या भाजणीने. शिवाय फेरारीसारख्या जुन्या, बड्या संघांना वेगळी दक्षिणा असे. तिचा गुणांशी संबंध नसे. अकराव्या संघासाठी मात्र दाराला कडी. आणखी एक गोष्ट म्हणजे या वर्षी मिळवलेल्या क्रमांकाचे पैसे हाती पडत ते पुढल्या वर्षी, हप्त्याहप्त्याने. हे सांगितल्यावर काका हसून म्हणाले, "म्हणजे उसाच्या बिलासारखं की!" आमच्या भागातल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसते. ऊस यंदा तोडायचा, मजुरी यंदा द्यायची आणि बिलाची वाट बघत बसायचे. मधले महिने कसे काढायचे ते ज्याचे त्याने बघावे.

अर्थशास्त्राच्या तासाला सीमांत उपयोगिता शिकवतात. भुकेल्याला पहिल्या भाकरीचे जे मोल वाटते ते आठवीचे वाटत नाही. फॉर्म्युला वनचा गुणतक्ता हे त्याचे मला दिसलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण. २०१४ साली मर्सिडीज संघाला ७०१ गुण मिळाले. ते ७०० असते किंवा ७०२ असते तरी कोणाच्या ताटात घासभर फरक पडला नसता. त्याच वर्षी मारुसिया नावाच्या संघाला संपूर्ण हंगामात मिळून २ गुण मिळाले. त्या दोन गुणांची कथा पुढे सांगणारच आहे. आधी थोडा मागचा इतिहास पाहू.

लहान संघांचा कुलपुरुष शोभावा असा संघ म्हणजे इटलीतल्या फाएन्झा गावचा मिनार्डी. १९८५ ते २००५ अशी एकवीस वर्षे तो टिकला आणि एवढ्या वर्षांत त्याने मिळवले अवघे ३८ गुण. पहिला गुण मिळायलाच चौथा हंगाम उजाडावा लागला. १९८८ साली अमेरिकेत डेट्रॉइटला पिएरलुइजी मार्टिनी सहावा आला तेव्हा. त्या काळात संघांची एवढी गर्दी होती, की तक्त्यात तळाला असलेल्यांना शुक्रवारी सकाळी आठ वाजता एक तासाची चाळणी परीक्षा द्यावी लागे. १९८९ साली तेरा गाड्यांतून चार घेतल्या जात. उरलेल्या नऊ गाड्या मुख्य सराव सुरू होण्याआधीच ट्रकमध्ये चढत. प्रेक्षक यायच्या आत ज्याची गाडी परत निघाली त्याच्या जाहिरातदाराने काय करावे? त्या वर्षीच्या जुलैत सिल्व्हरस्टोनला मिनार्डीच्या दोन्ही गाड्या पाचव्या आणि सहाव्या आल्या, तीन गुण मिळाले आणि हंगामाच्या उत्तरार्धात ती शुक्रवारची सकाळ टळली. तीन गुणांत त्यांनी काय मिळवले, तर परीक्षेला बसण्याचा हक्क!

याच मिनार्डीचा आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. १९९९ सालची जर्मनीतल्या नूरबर्गरिंगची शर्यत. पावसाने गोंधळ उडवला होता, बडेबडे बाहेर पडले होते आणि लुका बाडोएर मिनार्डी घेऊन चौथ्या क्रमांकावर आला होता. तेरा फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्सने दगा दिला. गाडी कडेला लावून तो तिच्याशेजारी बसला आणि रडला. त्याच शर्यतीत त्याचा सहकारी मार्क जेने सहावा आला आणि संघाला एक गुण मिळवून गेला. बाडोएरला मात्र सगळ्या कारकिर्दीत एकही गुण मिळाला नाही. त्याच्या अंगी गुण नव्हता असे ती शर्यत पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. इथे मला खोलीसोबत्याचे म्हणणे पटते. तक्त्यात चढतो तो अंक. गुण पुष्कळदा बाहेर कडेला बसून रडत असतो.

सारखेच गुण झाले तर काय, असाही प्रश्न येतो. तेव्हा ज्याची एखाद्या शर्यतीतली कामगिरी अधिक वरची, तो पुढे. २००२ साली मेलबर्नला पहिल्याच वळणावर आठ गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या आणि मिनार्डीचा नवखा मार्क वेबर आपल्या पहिल्याच शर्यतीत, तीही आपल्या मायदेशात, पाचवा आला. दोन गुण मिळाले. टोयोटासारख्या धनाढ्य कारखान्याचा संघ त्याच वर्षी या खेळात उतरला होता. त्यालाही वर्षभरात दोनच गुण मिळाले, पण दोनदा सहावे येऊन. एक पाचवा क्रमांक दोन सहाव्या क्रमांकांना भारी पडला आणि वर्षअखेरीस मिनार्डी टोयोटाच्या वर राहिला. फाएन्झाच्या छोट्या वर्कशॉपने जगातल्या एका बड्या कारखान्याला खाली बसवले. हे ऐकून काकांनी मांडीवर थाप मारली.

आता असे म्हणता येईल की दुसऱ्यांच्या गाड्या आदळल्या यात मिनार्डीचे कर्तृत्व काय? प्रश्न रास्त आहे. २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला तर याहून मोठे नवल घडले. टायर धोक्याचे ठरल्यामुळे चौदा गाड्या सुरुवातीलाच माघारी गेल्या आणि सहाच गाड्यांची शर्यत झाली. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, त्या दिवशी जॉर्डन संघाच्या गाडीतून चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. जॉर्डनला त्या वर्षी मिळालेल्या १२ गुणांपैकी ११ आणि मिनार्डीचे सातच्या सात गुण त्या एका दुपारचे. यावर कोणी नाक मुरडले तर मुरडो. पण मला वाटते, दैव दाराशी आले तेव्हा दार उघडायला घरी असणे हेही एक कर्तृत्वच आहे. त्या दिवशी तिथवर पोचण्यासाठी ट्रक भरायचा, माणसांचे पगार थकू द्यायचे नाहीत, गाडी धावती ठेवायची आणि दर रविवारी सतरावे-अठरावे येत राहायचे. लहान संघाचे भांडवल म्हणजे हे टिकून राहणे.

गुण नसतानाही गुणांची लढाई कशी होते, याचा मासला २०१२ च्या शेवटच्या शर्यतीत मिळाला. कॅटरहॅम आणि मारुसिया हे दोन्ही संघ २०१० साली उतरलेले, आणि दोघांच्याही नावावर तोवर शून्य. मारुसियाचा ड्रायव्हर सिंगापूरला बारावा आला होता म्हणून तो संघ दहावा होता आणि कॅटरहॅम अकरावा. ब्राझीलमधल्या इंटरलागोसच्या त्या शर्यतीत कॅटरहॅमच्या व्हिताली पेत्रोव्हने अखेरच्या फेऱ्यांत मारुसियाच्या शार्ल पिकला मागे टाकले आणि तो अकरावा आला. अकराव्याला गुण नसतो. पण बाराव्यापेक्षा अकरावा वर, म्हणून कॅटरहॅम दहावा झाला आणि बक्षिसाचा वाटा तिकडे गेला. गंमत पुढे आहे. दुसऱ्या वर्षी पेत्रोव्हला कुठेच गाडी मिळाली नाही आणि कॅटरहॅमच्या गाडीत बसला तो शार्ल पिक, ज्याला मागे टाकले होते तोच!

आता त्या दोन गुणांची कथा. २५ मे २०१४, मोनॅकोची शर्यत. शहराच्या अरुंद रस्त्यांवर ती होते आणि तिथे पुढच्या गाडीला ओलांडणे म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी आपल्या गणपत गल्लीतून जीप काढण्यासारखे. मारुसियाचा जूल्स बियांकी हा फ्रेंच तरुण एकविसाव्या जागेवरून निघाला. त्याने कॅटरहॅमच्या गाडीला अंग घासत वाट काढली, पुढे मोठमोठे बाहेर पडत गेले आणि तो आठवा पोचला. पाच सेकंदांची शिक्षा होती म्हणून अखेर नववा धरला गेला. नवव्याला दोन गुण. संघाचे पाचव्या हंगामातले पहिले गुण. सॉबर आणि कॅटरहॅम हे दोघेही वर्षभर शून्यावर राहिले आणि मारुसिया तक्त्यात नववा आला.

पण तो नववा क्रमांक पाहायला संघ जागेवर नव्हता. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमध्ये सुझुका येथे पावसात बियांकीची गाडी रस्ता सोडून एका क्रेनवर आदळली. तो शुद्धीवर आलाच नाही. १७ जुलै २०१५ रोजी त्याचे निधन झाले. त्याच ऑक्टोबरात संघाचे पैसे संपले, कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि शेवटच्या तीन शर्यतींना संघ जाऊ शकला नाही. नोव्हेंबरात कामगारांना घरी पाठवण्यात आले. असे वाटले की खेळ आटोपला. परंतु नवव्या क्रमांकाची रक्कम अजून यायची होती आणि ती मिळण्यासाठी संघ जिवंत राहणे आवश्यक होते. त्या येण्याच्या आशेवर नवे पैसे लावणारा मिळाला, धनकोंशी तडजोड झाली आणि २०१५ साली तोच संघ मॅनॉर या नावाने, आदल्या वर्षीच्या गाडीत जरुरीचे फेरफार करून पुन्हा उभा राहिला. औषधाला गुण येणे म्हणतात ते हेच. मात्र ज्याने ते औषध आणून दिले तो इस्पितळात निपचित पडून होता. हे आठवले की 'अंक' हा शब्द मला पुरत नाही.

मॅनॉरची गोष्ट इथे संपली असती तर तिला गोड शेवट म्हणता आले असते. २०१६ च्या जुलैत ऑस्ट्रियाला मॅनॉरचा पास्कल वेर्लाइन दहावा आला. एक गुण. त्या वर्षी अकरा संघ होते आणि सॉबरचा भोपळा फुटलेला नव्हता. म्हणजे मॅनॉर दहावा, सॉबर अकरावा. सॉबरची स्थितीही काही बरी नव्हती. पगार उशिरा होत होते आणि भर हंगामात मालकी बदलली होती. १३ नोव्हेंबरला पुन्हा तेच इंटरलागोस. मुसळधार पाऊस, दोनदा थांबवलेली शर्यत. मॅनॉरचा एस्तेबान ओकॉन काही काळ पहिल्या दहांत होता, पण अखेरीस घसरत बारावा आला. आणि सॉबरचा फेलिपे नास्र आपल्या देशबांधवांसमोर नववा आला. दोन गुण. सॉबर दहावा, मॅनॉर अकरावा. जानेवारी २०१७ मध्ये मॅनॉरचा कारभार पुन्हा प्रशासकांकडे गेला आणि महिनाअखेर दार कायमचे बंद झाले. दोनशेहून अधिक माणसांची नोकरी गेली. गुंतवणूकदारांशी चाललेली बोलणी फिसकटली हे कारण होतेच. पण दहावा क्रमांक हातचा गेल्यावर त्या बोलण्यांत काय जोर उरणार? आणि इथेही तीच गंमत. सॉबरला दोन गुण मिळवून देणाऱ्या नास्रला पुढल्या वर्षी गाडी नव्हती. त्याच्या जागी सॉबरमध्ये बसला तो मॅनॉरचा वेर्लाइन.

ही हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा मला वाटले, ते बड्या संघांना नावे ठेवतील. त्यांनी तसे काही केले नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "मोठ्या कंपनीशी आमचं भांडण कधी नसतंच रे. भांडण होतं ते शेजारच्या शेडवाल्याशी, त्यानं नगामागं चार आणे रेट कमी केला म्हणून. ऑर्डर आमची जाते, त्याच्याकडं पडते. त्याच्याही घरी पोरं आहेतच की." मी पुस्तकातून जे शोधत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकले. मर्सिडीजने मॅनॉरला बुडवले नाही. मॅनॉरच्या ताटातली भाकरी उचलली गेली ती त्याच्याइतक्याच भुकेल्या सॉबरच्या ताटात. वाटणीची रीतच अशी होती की तळाशी एक पाट कमी मांडायचा आणि लहानांनी तो आपसांत ठरवायचा.

आपल्या देशाचे नाव असलेला संघही या फेऱ्यातून गेला आहे. कार्तिकेयन ज्या जॉर्डन संघातून धावला तोच पुढे हात बदलत बदलत २००७ साली विजय मल्ल्या यांच्याकडे आला आणि फोर्स इंडिया झाला. मल्ल्या कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेले, संघाचे कारखाने मात्र इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला. २००८ साली शून्य गुण. २००९ साली बेल्जियममध्ये फिसिकेला दुसरा आला तेव्हा पहिले गुण मिळाले. पुढे थोड्या पैशांत वरचा क्रमांक मिळवणारा संघ म्हणून त्याने नाव कमावले. तरी २०१८ च्या जुलैत त्याच्यावरही प्रशासक आले. लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला, पण जुनी कंपनी घेता आली नाही, तिची मालमत्ता तेवढी घेता आली. नियमाप्रमाणे हा नवा संघ ठरला आणि जुन्याने कमावलेले ५९ गुण तक्त्यातून पुसले गेले. मात्र इतर संघांच्या संमतीने बक्षिसाच्या रकमेवरचा हक्क शाबूत राहिला. म्हणजे आकडा गेला, पैसा राहिला! सुमारे चारशे माणसांचे काम वाचले. उरलेल्या नऊ शर्यतींत त्याच माणसांनी शून्यापासून ५२ गुण मिळवले आणि सातवा क्रमांक गाठला. पुसलेले ५९ धरले असते तर तो पाचवा आला असता. गुण पुसता येतात. ज्या हातांनी ते मिळवले त्या हातांतली कला तशी पुसता येत नाही, एवढे यावरून दिसले.

आणखी एक मजेची गोष्ट म्हणजे हे गुण फुकट पडत नाहीत. २०१३ पासून संघांना पुढल्या वर्षाची प्रवेश फी गुणांच्या हिशेबाने भरावी लागू लागली. सुरुवातीला मूळ फी पाच लाख डॉलर आणि वर प्रत्येक गुणामागे पाच हजार. विजेत्या संघाला सहा हजार. या दराने बियांकीच्या दोन गुणांची फी दहा हजार डॉलर. मला वाटते, ती भरताना कोणी कुरकुर केली नसेल.

अलीकडे या खेळाच्या चालकांनाही तळाची काळजी वाटू लागली आहे. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली. त्या वर्षी ती साडेचौदा कोटी डॉलर होती. बड्यांनी कितीही उधळावे आणि लहानांनी बघत बसावे, हे त्याने थोडे आटोक्यात आले. गाडीचा आकार वाऱ्यात कसा वागतो हे तपासण्यासाठी विंड टनेलमध्ये मिळणारा वेळही उलट्या क्रमाने वाटला जाऊ लागला. २०२२ साली सातव्या संघाचा वेळ शंभर धरला तर विजेत्याला सत्तर आणि दहाव्याला एकशे पंधरा. मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी जादा तास घ्यावेत, तसाच हा प्रकार. यामुळे तळचा संघ एका वर्षात वर येत नाही. पण तळाला असणे म्हणजे मरणच, असेही राहिले नाही.

या सगळ्यातून निष्कर्ष काय काढावा? कामगिरीवर पैसे द्यावेत, या तत्त्वाशी माझे भांडण नाही. ते नसेल तर वशिला येतो आणि वशिल्याच्या वाटणीत लहानाला कधीच काही मिळत नाही. गुणतक्ता निदान सर्वांसाठी खुला असतो. फाएन्झाचा मिनार्डी त्यात टोयोटाच्या वर बसू शकतो. पण दहावा आणि अकरावा यांच्यामध्ये एक फूट उंचीची पायरी असावी की खोल विहीर, हे शर्यत ठरवत नाही, करार लिहिणारी माणसे ठरवतात. एका गुणाने मान मिळावा, चार पैसे अधिक मिळावेत, हे योग्यच. एका गुणाने दोनशे घरांची चूल विझावी, हे मात्र त्या बिचाऱ्या गुणावर फार मोठे ओझे आहे.

खोलीसोबत्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. तो अंक म्हणतो, मी गुण म्हणतो. फरक एवढाच झाला आहे, की शर्यत संपल्यावर तक्ता पडद्यावर आला म्हणजे आम्ही दोघेही तो खालून वर वाचू लागतो.